खिडकीजवळचं स्टूल

आधीच सांगून ठेवते, मधे टोकायचं नाही. मला टोकलं की मी चिडते, आणि चिडले की गोष्ट राहते बाजूला. शिवाय ही गोष्ट सांगताना मला एका जागी बसवत नाही. मी मधेच उठले, खिडकी लावली, परत उघडली, तर तिकडे लक्ष देऊ नका.

गोष्ट माझ्या दादाची. माझा थोरला भाऊ, नऊ वर्षांनी मोठा. आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये कामाला. तिथं पाण्याच्या पंपांचे भाग बनतात. दादा लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्रावर, मी स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे एक जाळीची खिडकी आणि तिच्या आत मी. कानस, ड्रिल, हातमोजे, फडकी, काय हवं ते माझ्याकडून सही करून न्यायचं. माझा नवराही तिथलाच, ग्राइंडरवर, धार लावायच्या चाकावर. लग्नाआधी दिवसातून चारदा कानस मागायला यायचा. ग्राइंडरवाल्याला एवढ्या कानशी कशाला लागतात, हे माझ्या डोक्यात सहा महिन्यांनी शिरलं.

डोळ्यांवर लावायचे गॉगलही मीच देते. देते म्हणजे काय, डोंबल! सकाळी सगळे सही करून न्यायचे आणि दिवसभर कपाळावर चढवून हिंडायचे. जसे काही मेल्यांना डोळे कपाळावरच आहेत. काचांवर ओरखडे आहेत, घाम येतो, नीट दिसत नाही, शंभर कारणं सांगायचे. खरं कारण एकच होतं. डोळ्यात काही गेलंच तर दादा आहे ना!

लेथच्या रांगेच्या टोकाला एक मोठी खिडकी आहे. तिच्याजवळ दादाचं लाकडी स्टूल असायचं. कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण उडाला की तो डोळ्यावर हात धरून त्या स्टुलावर येऊन बसायचा. दादा मशीन बंद करायचा, हात पॅन्टला पुसायचा आणि त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचा. काडेपेटीतली काडी आडवी धरून पापणी उलटी करायचा. कण पापणीखाली असला तर रुमालाचं टोक पिळून टिपून घ्यायचा. आणि बुबुळावर रुतलेला असला, तर खिशातून पत्र्याची डबी निघायची. डबीत शिवणाची सुई, लाकडी दांडीत पक्की बसवलेली. ती लायटरवर धरायची, गार व्हावी म्हणून फुंकर मारायची, हाताची कड त्या माणसाच्या गालावर टेकवायची.

"हलू नकोस. श्वास घे. झालं."

आणि खरंच झालेलं असायचं. कण नखावर घेऊन दाखवायचा. सगळे त्याला डोळेडॉक्टर म्हणायचे. शेजारच्या कारखान्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची. खुद्द मॅनेजर एकदा त्या स्टुलावर बसून गेला होता आणि जाताना दादाची पाठ थोपटली होती. ते दादा वर्षभर सांगत होता. मीसुद्धा सांगत होते, खोटं कशाला बोलू?

शेवटी थेंब टाकायचे. हिरव्या झाकणाची छोटी बाटली. दादाच्या तेलकट हातांनी तिचं लेबल आठवड्यात पुसून जायचं. त्यावर काय लिहिलंय हे त्यानं कधी वाचलं नाही. संपली की औषधाच्या दुकानात रिकामी बाटली दाखवायची, तो दुकानदार तसलीच दुसरी देणार. पण औषध जादूचं! रात्री टोमॅटोसारखा लाल असलेला डोळा सकाळी पांढराशुभ्र. मग दादाची आणखी वाहवा.

वडील लवकर गेले, तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. शिक्षण सोडून कामाला लागला. माझी शाळा, आईचं औषधपाणी, माझं लग्न, सगळं त्यानं निभावलं. स्वतः लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "तू एकटी घरात आहेस तेवढी पुरे, दुसरी कशाला?" सुई चालवायला कुठं शिकला हेही विचारलं की, "असाच." बास. त्याच्या दोनच गोष्टींवरून आम्ही त्याची टिंगल करायचो. एक म्हणजे काही बघायचं झालं की मान उजवीकडे वळवून बघायचा, कोंबडा बघतो तसा. आणि दुसरी, चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या कडेला टेकवल्याशिवाय ओतायचा नाही. माझा नवरा म्हणायचा, "दादा, कप पळून नाही जाणार."

माझा नवराही त्याला दादाच म्हणायचा. माझा दादा म्हणून त्याचाही दादा. हे लक्षात ठेवा.

तर त्या मंगळवारी माझा नवरा ड्रिलला धार लावत होता. गॉगल कुठं होता ते विचारू नका. दहाच्या सुमाराला तो माझ्या जाळीशी आला. उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागलेली.

म्हणाला, "सकाळी सातलाच कण गेलाय. निघेल म्हणून थांबलो, पण जरा खोल वाटतोय. हॉस्पिटलला जाऊन येतो."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "एवढ्याशा कणासाठी हॉस्पिटल? अर्धा दिवस मोडशील. दादा काय गावाला गेलाय?"

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही. तो जायला निघाला होता, मी त्याला परत पाठवलं, स्टुलाकडे बोट दाखवून.

दादानं कण काढला. पण त्याच्या जागेभोवती तांबूस कडं राहिलं. लोखंड डोळ्याच्या ओलाव्यात काही तासांत गंजतं, त्याचं ते कडं. दादा म्हणाला, "हेही खरवडून काढतो, म्हणजे कटकट नको." त्याला जरा वेळ लागला. मी जाळीतून बघत होते. मग थेंब टाकले, नवरा कामाला लागला.

बुधवारी डोळा पांढरा. सगळ्यांनी दादाला टाळी दिली. गुरुवारी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, तर दादा म्हणाला, थेंब वाढवा. वाढवले. शुक्रवारी त्याला उजेड सोसेना, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. तरी डोळा फारसा लाल नव्हता हो! लाल नाही म्हणजे बरा होतोय, असंच आम्हाला वाटायचं. मीच म्हणत होते, "टाक रे आणखी दोन थेंब." रविवारी दुपारी त्याला खिडकीशी नेऊन टॉवेल बाजूला केला. बुबुळावर मधोमध पांढरा ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं डोळ्यांच्या हॉस्पिटलात. दादा आपणहून आला होता. डॉक्टर बाई ठेंगणीशी, चटपटीत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिनं नवऱ्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात पिवळं औषध लावलं, निळा दिवा लावला आणि यंत्रातून बघत बसली. मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. ती म्हणाली, "तुम्ही बसा नाहीतर बाहेर जा." मी बसले. परत उठले.

"कण कुणी काढला?"

"मी," दादा म्हणाला. तेव्हासुद्धा त्याच्या आवाजात थोडा तोरा होता, मला आठवतंय.

"कशानं?"

दादानं डबी टेबलावर ठेवली.

"थेंब कुठले टाकले?"

दादानं हिरव्या झाकणाची बाटली ठेवली. लेबलाचा एक कपटा तळाशी उरला होता. बाईनं तो भिंगाखाली धरून वाचला आणि बाटली खाली ठेवली. मग तिनं कागद ओढला, एक गोल काढला, त्याच्यापुढे फुगीर काच काढली.

"हे बुबुळ. डोळ्याची पुढची काच. पुस्तकात पारपटल म्हणतात, आपण बुबुळच म्हणू. याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. मिलिमीटर कळतो ना?"

लेथवाल्याला विचारत होती! दादा म्हणाला, "मिलिमीटरचा शंभरावा भागही कळतो."

"मग नीट ऐका. वरचा पापुद्रा खरचटला तर दोन दिवसांत भरून येतो, खूणही राहत नाही. तुमची माणसं बरी व्हायची ती त्यामुळं. तुमच्यामुळं नाही. सुई त्याच्या खाली गेली की जखम भरते ती पांढऱ्या डागानं, आणि पांढऱ्या डागातून दिसत नाही. शिवाय या काचेत रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आरपार दिसलं नसतं. पण म्हणूनच इथं जंतू शिरले तर शरीराची मदत उशिरा पोचते. यांच्या डोळ्यात जंतू शिरलेत. बुबुळाला व्रण झालाय."

"पण डोळा तर पांढरा होता," मी म्हणाले.

"या थेंबांत स्टेरॉइड आहे. लाली म्हणजे डोळ्याची आरडाओरड असते. चोर शिरलाय म्हणून सांगत असतो तो. या थेंबांनी तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. चोर आत मोकळा फिरला."

दादाचं तोंड पडलं ते पडलंच. बाहेर आल्यावर माझा नवरा भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, माझ्या डोळ्यासमोर येऊ नकोस म्हणावं."

तुझ्या भावाला. दादा तीन हात अंतरावर उभा होता. सगळं ऐकत होता.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. जखम खरवडून तपासायला पाठवली होती, जंतू कुठला ते कळल्यावर औषध बदललं. पहिले दोन दिवस तासातासाला थेंब, दिवस नाही रात्र नाही. मग दोन तासांनी, मग चार तासांनी. घरात तीन घड्याळं वाजायची आणि मी प्रत्येक वेळी दचकायची. भाजी करपायची, दार उघडं राहायचं. नवरा एकच विचारायचा, "ग्राइंडरवर परत बसता येईल का गं?" ग्राइंडरवर दोन्ही डोळे लागतात. चाक आणि बोट यांत किती अंतर उरलंय ते एका डोळ्याला कळत नाही. मी उगाच त्याच्यावर खेकसायची. गॉगल कपाळावर का होता, म्हणून. आणि मग मोरीत जाऊन रडायची, कारण हॉस्पिटलला जाऊ नको म्हणणारी मीच होते.

दादा रोज संध्याकाळी यायचा. आत नाही. फाटकाशी उभा राहायचा. मी बाहेर गेले की विचारायचा, "काय म्हणाल्या बाई?" मी सांगायची आणि दार लावून घ्यायची. मी पण काही कमी नाही. राग माझा माझ्यावर होता आणि दार मी त्याच्यासमोर आपटत होते.

आठवड्याला हॉस्पिटल. तिथं बाकावर बसून बसून मला निम्मी डॉक्टरकी आली. बुबुळाचे किती तऱ्हेचे आजार असतात, बाई गं! एक कॉलेजातली मुलगी यायची, सारखी डोळे चोळणारी. तिचं बुबुळ पातळ होऊन पुढे टोकदार होत चाललं होतं, वर्षात तीनदा चष्म्याचा नंबर बदलला. तिला थेंब टाकून वर विशिष्ट प्रकाश सोडला, म्हणजे बुबुळ कडक होऊन आणखी पुढे येत नाही. चोळणं मात्र कायमचं बंद. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या बुबुळात विषाणू दडून बसलेला. ताप आला, थकवा आला की डोकं वर काढायचा. तेही म्हणाले, मी एकदा घरात पडलेले थेंब टाकले आणि घालवून बसलो होतो डोळा. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, चला, जगात आम्हीच तेवढे मूर्ख नाही.

दोन महिन्यांनी जंतू मेले. दुखणं गेलं. राहिला तो डाग. बुबुळाच्या बरोबर मधोमध, दुधाचा थेंब सांडल्यासारखा. उजव्या डोळ्यानं नवऱ्याला खिडकी कुठं आहे एवढं कळायचं, खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

बाई म्हणाली, "डोळा आणखी काही महिने शांत राहू दे. मग बुबुळ बदलू. गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी दिलेलं बुबुळ बसवतात. यादीत नाव घालते. फोन येईल तेव्हा यायचं."

"कधी येईल?"

"ते मला कसं सांगता येईल?"

झालं! फोन वाजला की माझा जीव वर-खाली. चार महिने झाले. एका तपासणीला दादा माझ्या मागून हॉस्पिटलात आला. नवरा बाहेर बाकावर होता. दादा सरळ बाईच्या खोलीत घुसला, मी त्याच्या मागे.

"माझं बुबुळ घ्या," म्हणाला. "आज घ्या. मला दोन आहेत, मला एक पुरे."

"जिवंत माणसाचं घेत नाहीत हो."

"घेत नाहीत म्हणजे? मी देतोय ना! सही करून देतो." आणि यंत्रासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला, हनुवटी टेकवली. "बघा तरी. चांगलं आहे की नाही बघा."

बाई उठली. मला वाटतं, त्यानं शांत व्हावं म्हणूनच तिनं दिवा लावला. डावा डोळा बघितला. मग उजवा. उजव्यापाशी थांबली. यंत्राचं चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं.

"हा डोळा किती वर्षांपासून असा आहे?"

दादानं पापणी मिटून घेतली.

"मधोमध जुना डाग आहे. खोल. या डोळ्यानं तुम्हाला फार तर समोर हात हललेला कळत असेल. कुणी केलं हे?"

"मीच," दादा म्हणाला.

मला काही समजेना. दादानं यंत्रावरून हनुवटी उचलली नाही, तसाच बोलत राहिला. कामाला लागून वर्ष झालं होतं त्याला. दुपारच्या पाळीत एकटा होता, कण उडाला. रजा मागितली तर फोरमन म्हणाला, जा, पण परत येऊ नकोस. घरी मी तिसरीत, आई अंथरुणाला खिळलेली. मग त्यानं आरशाचा तुकडा मशीनला टेकवून ठेवला आणि आईच्या शिवणातली सुई घेतली.

"तीस वर्षं?" मी किंचाळलेच. "तीस वर्षं तुला एका डोळ्यानं दिसत नाही आणि तू लोकांच्या डोळ्यात सुया घालत होतास?"

"डाव्यानं चांगलं दिसतं."

"एका डोळ्यानं खोली कळत नाही," बाई शांतपणे म्हणाली. "सुई कुठवर गेली ते तुम्हाला दिसतच नव्हतं. हाताच्या अंदाजानं चाललं होतं सगळं."

किटली! कपाच्या कडेला टेकवलेली किटली. कोंबड्यासारखी मान. आम्ही हसायचो, तीस वर्षं हसत होतो, आणि मी त्याच्या हाताखाली वाढलेली त्याची बहीण, मला कधी कळलं नाही. मी खाली फरशीवर बसले.

"मग का करायचास रे?" मी विचारलं. "स्वतःचं असं झाल्यावर, दुसऱ्यांचं का करायचास?"

दादा म्हणाला, "माझ्या वेळी कुणी नव्हतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला आरशासमोर बसायला लागू नये."

बाईनं त्याचंही नाव यादीत घालू का विचारलं. तो म्हणाला, "आधी त्याचं होऊ दे." आणि उठून गेला. बाकावर माझा नवरा बसला होता, त्याच्यासमोरून खाली मान घालून गेला. घरी येताना बसमध्ये मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बाहेर बघत राहिला. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. मेला दगड!

दुसऱ्या दिवशी दादानं ते स्टूल उचलून माझ्या स्टोअरमध्ये आणून टाकलं. "यावर तू बस," म्हणाला. आठवड्यानं एक फिटर डोळ्यावर हात धरून धावत आला, खिडकीशी स्टूल नाही बघून दादाकडे गेला. "दादा, काढ लवकर!" दादाचा हात खिशाकडे गेला. मी जाळीतून बघत होते. खिशात डबी नव्हतीच. त्यानं फिटरची दोन्ही मनगटं धरली. "चोळायचं नाही. काही झालं तरी चोळायचं नाही." कण आपणहून वाहून जातोय का बघायला स्वच्छ पाण्यानं डोळा धुतला. नाही गेला, तर तशीच मनगटं धरून त्याला हॉस्पिटलला घेऊन गेला. बसमध्येसुद्धा सोडली नाहीत म्हणे, लोकांना वाटलं चोर पकडून नेतोय. त्या दिवसापासून कुणी माझ्याकडून गॉगल घेतला की दादा समोर उभा राहून त्याला तो डोळ्यांवर लावायला लावायचा. कपाळावर दिसला की टपली.

आणि मग एका सकाळी, मी हातमोजे मोजत असताना, फोन आला. उद्या या.

ऑपरेशनला तासभर लागला म्हणतात. माझ्या लेखी तो दिवसभर चालला. मी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, तेवीस. वर जाऊन मोजल्या, खाली येऊन मोजल्या. कुणाच्या तरी घरात आदल्या दिवशी माणूस गेलं होतं, आणि रडता रडता त्यांनी सही केली होती. कोण होते, ते हॉस्पिटल सांगत नाही. मी जिन्यातच हात जोडले, कुठल्या दिशेला जोडायचे ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बुबुळाभोवती केसाहून बारीक टाके, सोळा. दिसणं एकदम येत नाही, बाईनं आधीच बजावलं होतं. वर्षभर लागेल, टाके हळूहळू काढायचे, मग चष्मा. तिनं बोटं दाखवली. नवरा म्हणाला, "तीन." बरोबर होतं. मी नर्सला मिठीच मारली.

मग नर्सनं थेंबांच्या बाटल्या हातात दिल्या. आता मी लेबल वाचल्याशिवाय पाणीही पीत नाही. एका बाटलीवरचं नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

"हे? परत हेच? याच औषधानं तर डोळा गेला!"

बाई चिडली नाही. म्हणाली, "हेच. तेव्हा आत जंतू होते आणि तुम्ही पहारेकऱ्याला झोपवलंत. आता जंतू नाहीत. आता पहारेकरी या नव्या बुबुळाला परकं समजून हाकलायला बघेल, म्हणून त्याला थोडं शांत ठेवायचं. औषध वाईट नव्हतं. कुणी, कधी, किती, हे न विचारता घेतलं ते वाईट." मग बोटांवर मोजून बजावलं, डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसायला लागलं, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही. थेंब टाकण्याआधी हात साबणानं धुवायचे. लेबल वाचायचं. आणि बाटलीचं टोक डोळ्याला अजिबात टेकवायचं नाही.

तीन आठवडे मी रजेवर राहून थेंब टाकले. मग कामावर जाणं भाग होतं. सकाळचे नि संध्याकाळचे मी टाकणार, अकराचे कोण टाकणार? स्वतःचे त्याला जमत नव्हते, हात डोळ्याजवळ गेला की पापणी मिटायची. शेजारच्या बाईला विचारू म्हटलं.

नवरा पलंगावर बसून खिडकीकडे बघत होता. गज मोजत असायचा रोज, आज किती दिसतात ते. म्हणाला, "तुझ्या भावाची दुपारची पाळी आहे ना या महिन्यात?"

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"त्याला सांग यायला."

दादा दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच आला. सात महिन्यांनी फाटकाच्या आत. मला कामावर जायला उशीर होत होता, चपला पायात, पिशवी खांद्यावर, आणि पाय काही उंबऱ्याबाहेर पडेना. दादानं हात धुतले. परत धुतले. कोपरापर्यंत. मी बाटली दिली. त्यानं मान उजवीकडे वळवली, बाटली डाव्या डोळ्याजवळ धरली आणि मोठ्यानं वाचायला लागला. औषधाचं नाव, एक एक अक्षर लावून, पहिलीतल्या पोरासारखं. कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते. उजवा डोळा, एक थेंब. मग पलंगाशी गेला, डाव्या हाताची बोटं नवऱ्याच्या गालावर ठेवली, पापणी खाली ओढली, बाटली वर नेली. आणि थांबला. टोक आणि डोळा यांत अंतर किती, ते त्याला दिसत नव्हतं. टेकवता तर येत नव्हतं.

त्यानं बाटली मागे घेतली. परत लेबल वाचलं. परत गेला. परत थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी पिशवी खाली ठेवून पुढे होणार, एवढ्यात नवऱ्यानं हात वर केला. दादाचा बाटलीचा हात धरला आणि त्याची कड आपल्या कपाळावर टेकवली, घट्ट.

"इथं टेकव," म्हणाला. "आता लागणार नाही. टाक, दादा."

दादानं आणखी एकदा लेबल वाचलं आणि मग थेंब टाकला.